नोकरी गेली, नफा झाला

आमच्या शेजारचे काका गेल्या फेब्रुवारीत कंपनीतून हिशेब घेऊन आले. आमच्याकडे कामगार 'फुल अँड फायनल सेटलमेंट' वगैरे म्हणत नाही. 'हिशेब झाला' एवढंच म्हणतो, आणि ऐकणारा पुढचं काही विचारत नाही. सत्तावीस वर्षं पहाटेची गाडी धरून बोईसरच्या एमआयडीसीत गेलेला माणूस भरदुपारी ओट्यावर बसलेला दिसला, तेव्हाच मी काय ते समजलो. दोन पानी कागद पुढे करून म्हणाले, "पेपरात लिहितोस ना? मग हे वाचून दाखव."

वाचलं. काकांना चक्क नफा झाला होता!

शब्द माझा नाही. नोकरी संपवताना मालकानं दिलेली भरपाई ही पगाराऐवजी मिळालेला 'नफा' आहे, असं १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १७(३) सांगतं. २०२५ साली कायदा नव्यानं लिहून काढला, भाषा सोपी केली, कलमांचे आकडे बदलले. नफा मात्र जागचा हलला नाही. कुणाची चिकूची वाडी समुद्रानं गिळली तर तिथं 'मासेमारीची नवी संधी' अशी पाटी लावावी, तसलाच प्रकार.

काकांचा पगार ४४ हजार. दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई, हा हिशेब १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आला आहे. ग्रॅच्युइटीही दर वर्षामागे पंधरा दिवसांचीच. म्हणजे दोन्ही रकमा सारख्या असाव्यात ना? काकांनाही तसंच वाटलं होतं. पण ग्रॅच्युइटीचा महिना सव्वीस दिवसांचा असतो, म्हणून तिथले पंधरा दिवस २५,३८५ रुपयांचे. कामावरून काढताना महिना एकदम तीस दिवसांचा होतो, म्हणून इथले पंधरा दिवस २२ हजारांचे. ग्रॅच्युइटीचे सव्वीस दिवस या भरपाईला लावता येणार नाहीत, हे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगून ठेवलंय. सेवेचे दिवस आणि निरोपाचे दिवस यांचं पंचांग वेगळं.

बावीस हजार गुणिले सत्तावीस, झाले ५ लाख ९४ हजार. त्यातले पाच लाख करमुक्त. ही पाच लाखांची मर्यादा १ जानेवारी १९९७ पासूनची आहे. त्या वर्षी दहा ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आत मिळत होतं. चिंचणी-वरोरच्या दागिन्यांचे साचे घडवणाऱ्या एखाद्या डायमेकरला विचारा, तो बोटांवर सांगेल: तेव्हाचे पाच लाख म्हणजे किलोभर सोनं, आजचे पाच लाख म्हणजे पुरते पाच तोळेही नाहीत. मधल्या काळात ग्रॅच्युइटीची मर्यादा साडेतीन लाखांवरून दहा आणि २०१८ मध्ये वीस लाख झाली. न घेतलेल्या रजेच्या पैशांची तीन लाखांची मर्यादा २०२३ मध्ये एका उडीत पंचवीस लाखांवर गेली. सुट्टी न घेता राबलात तर पंचवीस लाखांपर्यंत माफी, आणि कायमची सुट्टी दिली तर पाच. काकांचं मत असं की, ज्यांची नोकरी कधी जातच नाही, त्यांनी या मर्यादा ठरवल्या असाव्यात. मी काही बोललो नाही.

तर उरलेले ९४ हजार करपात्र. अकरा महिन्यांचा पगार आणि नोटिशीचा एक महिना त्यात मिळवूनही बारा लाखांच्या खूप अलीकडे, म्हणून नव्या पद्धतीत कर शून्य. पण हे शून्य आपोआप पदरात पडत नाही, त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. पगार खात्यातल्या पोरानं काकांना तेवढं बजावून सांगितलं. पुढं काय करणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

कपातीच्या रकान्यात बुटांचे पैसे, कॅन्टीन आणि व्यवसाय कर ३०० रुपये. महाराष्ट्रात हा कर महिन्याला दोनशे असतो, फक्त फेब्रुवारीत तीनशे. व्यवसाय सुटला तो नेमका त्याच महिन्यात. "जानेवारीतच काढलं असतं तर हे तीनशे वाचले असते," काका म्हणाले. सत्तावीस वर्षांत त्यांनी केलेला हा पहिलाच करनियोजनाचा विचार.

एवढ्यात तलासरीचा एक पोरगा चिकूच्या करंड्या उतरवायला आला. उमरगावच्या कारखान्यात कामाला असतो, सध्या 'ब्रेक'वर आहे. १९९१ च्या अधिसूचनेनं आमचं डहाणू पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलं. हवा जपली, ते बरंच झालं. पण माणसं धुरासाठी दक्षिणेला बोईसर आणि उत्तरेला उमरगाव-सरीगाम गाठू लागली. त्यात राज्याच्या हद्दीपलीकडे कामाला जाणाऱ्याचा व्यवसाय करही गुजरातेत जमा होतो. आणि ब्रेक कशाला? वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला भरपाईचा हक्क लागतो, म्हणून ठेकेदार त्याआधीच ब्रेक देतो. याच तलासरीतल्या झरी गावी १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली होती. आता वेठ म्हणाल तर शिल्लक नाही, आणि ब्रेक तर सुट्टीसारखाच ऐकू येतो.

पोरानं खिशातून ओळखपत्रं काढून दाखवली. पाच वर्षांत चार ठेकेदार, फोटो सगळीकडे तोच.

"तुला हिशेब किती मिळाला रे?" काकांनी विचारलं.

"ठेकेदार बोलला, उद्यापासून येऊ नको. तोच हिशेब."

मग त्यानं काकांचा कागद हातात घेतला. ग्रॅच्युइटी, नोटीस, भरपाई, एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचला. खालच्या शिक्क्याशी जरा थांबला.

"काका, याची एक झेरॉक्स द्याल?"

"तुला कशाला?"

"ठेकेदाराला दाखवतो. काढायचा कागद पण असतो म्हणून."