सर्व ऋतूंचा लेखक

वर्षअखेरीस कात्रणांची फाइल उघडली की मुंबईत हिंदमाताला राहणाऱ्या लेखकाचा ऊर स्वतःच्याच अष्टपैलूपणाने भरून येतो. जूनमध्ये तुंबलेल्या पाण्यावर खरमरीत लेख, जुलैत त्याच पाण्यावर हळवं ललित, भाद्रपदात लालबागची रांग, दिवाळीला इथल्याच साडीबाजारावर विनोदी कथा. राशिभविष्यही लिहिलं, पण ते टोपणनावाने.

आता पोटावर पाय आलाय तो पालिकेचा. हा भाग बशीसारखा खोलगट. म्हणून प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. उद्या पाणी खरंच तुंबलं नाही, तर दोन महिने लिहायचं कशावर? सुदैवाने पाऊस अजून अधूनमधून साहित्याची कदर करतो.

राहिली दिवाळी. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला बोनसची आशा लागली. मानधनाचं विचारलं की संपादक म्हणतात, ‘‘होळीनंतर बघू.’’ अंक मात्र घरपोच येतो. यंदाच्या कथेचा शेवटचा परिच्छेद चकलीच्या भाजणीच्या जाहिरातीने गिळला होता. फोन केला, तर संपादक खुशीत: ‘‘सर, शेवट काय सूचक केलाय!’’