गळका व्हॉल्व्ह

चाकणच्या कंपनीत २२ वर्षं व्हॉल्व्ह दुरुस्त करतोय, आणि शेवटी माझाच लीक निघाला.

छातीत जळजळायचं, म्हणून आधी ईसीजी काढून हृदय निर्दोष ठरलं. मग डॉक्टर म्हणाले, "अन्ननलिका संपते तिथं झडप असते. खाली जाणारं सोडायचं, वर येणारं अडवायचं." म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! मी विचारलं, "सील बदलून मिळेल?" ऑपरेशन असतं म्हणाले, पण तुमच्यावर ती वेळ नाही. आधी जेवायची वेळ बदला.

इथंच घोडं पेंड खातं. सेकंड शिफ्ट सुटून बस देहूरोडला सोडते रात्री एकला. आई जागी. "उपाशी झोपलास तर पित्त होईल." मग दोन भाकऱ्या, ठेचा, मटकीची उसळ. पाठ टेकली की तीच उसळ आंबट होऊन घशाशी. टाकीच आडवी केल्यावर गळका व्हॉल्व्ह काय करणार? पित्त यकृतात तयार होतं, हे जठरातलं ॲसिड आहे, असं आईला सांगून पाहिलं. "तुझं यकृत तुझ्यापाशी," म्हणाली.

गोळीचीही तीच तऱ्हा. पॅन्टोप्रॅझोल मी जेवणावर बडीशेपेसारखी खायचो. ती खाण्याआधी अर्धा तास घ्यायची. जेवणाने ॲसिडचे पंप चालू होतात, तेव्हा ती रक्तात हजर हवी. तरी ती ॲसिडच कमी करते, व्हॉल्व्ह आवळत नाही. आणि गार वाटावं म्हणून चघळायचो त्या पेपरमिंटनं तो आणखी सैल पडतो!

पलंग डोक्याकडून ६ इंच उचलायचा हुकूम झाला. उशांची चळत चालत नाही, पोट दुमडतं. विटा आणल्या. रात्रभर मालगाड्या धडधडल्या आणि पहाटे आम्ही दोघं पायथ्याशी गोळा. डाव्या कुशीवर जठर खाली राहतं म्हणे, पण आमच्या डावीकडे भिंत. बायको म्हणाली, "तोंड फिरवायला निमित्त बरं सापडलं."

आता जेवण आठला कॅन्टीनमध्ये. घरी आईच्या समाधानाला चतकोर भाकरी, वर शतपावली. परवा चालता चालता लष्कराच्या डेपोच्या भिंतीपर्यंत गेलो. टॉर्च थेट डोळ्यांवर.

"कौन है?"

"साहब, सीने में जलन होती है, इसलिए..." व्हॉल्व्हपासून विटांपर्यंत सगळं ओकलो. टॉर्च हळूहळू खाली आला.

"खट्टी डकार भी?"

"भी."

जवानानं इकडंतिकडं पाहिलं. "हमारी चारपाई लोहे की है. ईंट चलेगी?"