फाइल-तपासनीस काका

पानिपतात मराठी माणूस दोन कामांसाठी येतो. एक काला आंबचं स्मारक बघायला, दुसरं नोकरीला. स्मारक बघणारा डोळे पुसून संध्याकाळी दिल्ली गाठतो. नोकरीवाला राहतो, आणि चादरी-गालिच्यांच्या कारखान्यात काँप्युटर सांभाळता सांभाळता त्याचा फाइल-तपासनीस काका होतो.

पेन ड्राइव्ह आला की बाकीचे डबल क्लिक करतात. काका आधी चष्मा पुसतात. जॅकार्डची डिझाइनं काढणारा पोरगा म्हणतो, "अंकल जी, चला के देख लेते हैं ना!" काका दचकतात. बरोबर कोण कोण आहे हे न बघता निघालं की काय होतं, ते १७६१ च्या लढाईत याच गावात बघून झालंय, असं त्यांचं मत.

'सेटअप_६४_फायनल' या नावावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. ते हेक्स एडिटर उघडतात आणि मराठी वळणाच्या हिंदीत प्रवचन सुरू होतं. त्याचा सारांश असा : "पहिली दोन अक्षरं एम झेड. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कीची आद्याक्षरं, प्रत्येक एक्झीच्या कपाळी! आता ३सी या जागी पुढचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर पी ई, त्यामागे दोन शून्यं आणि मग प्रोसेसरचा आकडा. ०१४सी म्हणजे ३२ बिट इंटेल, ८६६४ म्हणजे ६४ बिट, एए६४ म्हणजे एआरएम." लिनक्सची फाइल असेल तर ई एल एफ दिसतं आणि पहिले अठरा बाइट सोडले की, दशमानात सांगायचं तर, ६२ किंवा १८३ : पहिला ६४ बिट इंटेल, दुसरा ६४ बिट एआरएम. मॅकची फाइल निघाली तर काकांना भरून येतं. तिच्यात इंटेल आणि अ‍ॅपलच्या चिपसाठीचे दोन्ही कोड एकत्र असू शकतात. त्या लढाईतल्या सदाशिवराव भाऊंच्या लष्कराबरोबर चालणाऱ्या यात्रेकरूंसारखे. एवढं होईतो पोरगा चहा पिऊन आलेला असतो.

पण काकांचा दिवसही येतो. जुनं डिझाइन सॉफ्टवेअर ३२ बिटचं, म्हणजे नव्या ६४ बिट विंडोजवर चालायलाच हवं. तरी ते बसेना. शेठजी हैराण. काकांनी इन्स्टॉलर उघडला. पत्त्यावर पी ई नव्हे, एन ई! प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण तो बसवणारा १६ बिटचा, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटवाल्याला दारात उभं करत नाही. शेठजींनी लस्सी मागवली.

हे सगळं आपोआप व्हावं म्हणून काकांनी पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅमही लिहिलाय. तो क्षणात उत्तर देतो. मग काका ते उत्तर हेक्स एडिटरमध्ये ताडून बघतात.

असा एक काका प्रत्येक कारखान्यात हवाच. दोन असतील, तर मशीन सुरू व्हायची वाट कुणी बघू नये.