पाचशे रुपयांचं संविधान

बीड जिल्ह्यात संविधान पाळलं जात नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दसऱ्याच्या सुमारास केज, धारूर, वडवणी नाहीतर पाटोद्याकडं चक्कर मारावी. इतकं काटेकोर पाळलं जाणारं संविधान त्यांना दिल्लीतही बघायला मिळायचं नाही. फक्त ते दुसरं आहे. एका पानाचं. आधी ते शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं शंभर-दोनशेचे स्टॅम्प बंद केले, तेव्हापासून पाचशेच्या स्टॅम्पवर होतं. महागाई कुणाला चुकली आहे!

मोठं संविधान तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली. छोटं एका चहात होतं. एका बाजूला ऊसतोडीचा मुकादम, दुसऱ्या बाजूला नवरा-बायको, मध्ये दोन जामीनदार, कडेला नोटरी. नवरा सही करतो, बायको अंगठा देते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मोजली जाते, पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत, ज्याची जशी गरज आणि पत. लग्न, दवाखाना, पेरणी, जुनं देणं यांत ती घरी पोचायच्या आधीच संपते. उरतो तो कागद. त्यावर एवढंच असतं की हे पैसे ऊस तोडून फेडायचे.

या छोट्या संविधानाचा मी बराच अभ्यास केला आहे. मोठ्याचा करायचा होता, पण बीडमध्ये राहतो, उपयोगाचं आधी शिकावं लागतं.

पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. मोठ्या संविधानानं एकेका माणसाला नागरिक धरलं आणि एकेक मत दिलं. छोटं इतकं उधळं नाही. त्यात नागरिकाला ‘कोयता’ म्हणतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटा माणूस अर्धा कोयता. अर्ध्याला उचल अर्धी, म्हणून पोराचं लग्न हंगामाच्या आत उरकायची घाई. कायद्यानं मुलीचं वय अठरा पाहिजे हे सगळ्यांना पाठ आहे, लग्नपत्रिका छापणाऱ्यालाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पूर्ण नागरिकत्व मिळवायची इतकी ओढ जगात दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही.

मूलभूत हक्क आहे, एकच. उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, विकायचा. फडावर येणाऱ्या गवळ्याला वाढ्यांचे भारे विकून मीठ-मिरची सुटते. बाकी सगळी कर्तव्यं. पहाटे चारला उठणं, थंडीत पाचटात हात घालणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणं, आणि रात्री दोनला गाडी आली तर दोनला उठून भरणं.

आणीबाणीची तरतूद मोठ्या संविधानात तीन प्रकारची आहे. छोट्यात एकच आहे, तिचं नाव ‘खाडा’. कुणी एक दिवस कामावर आलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड हिशेबात चढतो. ताप आला, खाडा. लेकरू आजारी पडलं, खाडा. पाळी आली आणि अंगावरून जास्त गेलं, खाडा. इथं मात्र बीडच्या बायकांनी घटनादुरुस्ती केली. त्यांनी पिशवीच काढून टाकली.

इकडं ‘पिशवी काढणं’ म्हणतात. गर्भाशय हा शब्द डॉक्टरांचा. २०१९ मध्ये बातम्या आल्या, विधिमंडळात आवाज उठला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींत एक. राज्यात हे प्रमाण शंभरात तीनहूनही कमी, असं २०१५-१६ चं सर्वेक्षण सांगतं. पंचविशी-तिशीतल्या बायका पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात जातात, तिथं कॅन्सरची भीती घातली जाते, आणि ऑपरेशनच्या खर्चासाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते. पुढच्या हंगामात ती फेडायची. खाडा वाचावा म्हणून पिशवी काढली, आणि पिशवीच्या पैशांसाठी पुन्हा फड. मग नियम झाला की खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल. चांगलाच नियम. खाड्याला मात्र अजून कुणाची परवानगी लागत नाही.

मोठ्या संविधानातलं कलम ४२ म्हणतं, राज्यानं कामाची परिस्थिती माणुसकीची ठेवावी, बाळंतपणात सवलत द्यावी. कुणी द्यावी हे विचारायला गेलं की कारखाना म्हणतो, ही बाई आमची नाही, वाहतूक ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, मुकादमाची. मुकादम म्हणतो, नवऱ्याची. नवरा म्हणतो, कोयता दोघांचा. बाई काय म्हणते ते विचारायला वेळ नसतो, कारण गाडी भरायची असते.

मोठ्याचं कलम २३ वेठबिगारी बंद करतं. १९७६ साली त्यासाठी वेगळा कायदाही झाला. त्यातली व्याख्या मी एका मुकादमाला वाचून दाखवली: आगाऊ रक्कम घ्यायची, तिच्या बदल्यात राबायचं आणि फिटेपर्यंत दुसरीकडं जाता यायचं नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर लिवलंय की सर. आमचा बॉन्ड बघून लिवलाय का?” गुन्ह्याचा पुरावा आम्ही नोटरी करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन जपून ठेवतो. पोलिसांचं काम किती हलकं केलं आहे!

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी राबणाऱ्या बांधकाम मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच, कारण भूकही माणसाला दांडगाईनंच राबवते. हे मी मुकादमांना सांगितलं तेव्हा ते थोडे गंभीर झाले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. “सर, तुमच्या त्या संविधानाला जामीनदार कोन हाय?”

मी म्हणालो, सुप्रीम कोर्ट.

“ऱ्हातंय कुठं?”

दिल्लीला.

“मंग त्यो कशाचा जामीनदार? जामीनदार गावातला लागतो.”

मुकादमाला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, आम्ही सदरवाले ते वर्षातून एकदा करतोच. पण हे गृहस्थ स्वतः कारखान्याच्या आणि वाहतूकदाराच्या कागदावर अडकलेले आहेत. त्यांचे काही कोयते मागे उचल घेऊन दुसऱ्या टोळीत गेले, आणि कारखान्याचे पैसे त्यांनी जमीन विकून भरले. छोट्या संविधानात सगळ्यांनाच समान शिक्षा आहे. समता म्हणतात ती हीच असावी.

घटनादुरुस्तीचा मार्गही ठरलेला आहे. ठरावीक वर्षांनी मजुरांच्या संघटना कोयता बंद ठेवतात, साखर संघाशी बोलणी होतात, मोठे नेते लवाद म्हणून बसतात आणि दर ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. एक कोयता दिवसभरात दीड-दोन टन तोडतो. गुणाकार वाचकांनी करावा, आणि भागाकार दोन माणसांत करायला विसरू नये. हार्वेस्टरला यापेक्षा जास्त दर मिळतो. त्याला पिशवी नसल्यामुळं असेल.

इतिहास बघितला तर बीडकरांचं मोठ्या संविधानाशी नातं पहिल्यापासून थोडं चमत्कारिक आहे. बीड निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि राज्य भारतात आलं, पण निजाम नावाला गादीवर होते. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी फर्मान काढलं की भारताचं संविधान आमच्या राज्याला मान्य आहे. दिल्लीत ते स्वीकारलं गेलं त्यानंतर तीन दिवसांनी. उद्देशिकेतला पहिला शब्द ‘आम्ही’. आमच्या वतीनं तो आधीच उच्चारून ठेवणारा माणूस आयुष्यभर स्वतःलाच ‘आम्ही’ म्हणत आलेला होता.

तीच सवय पुढं चालू राहिली. जिल्ह्यात ‘आम्ही’ म्हणणारे फार मोजके, आणि ते एकवचनातच म्हणतात.

मसाजोगचं बोलल्याशिवाय आता बीडबद्दल बोलता येत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असं दोषारोपपत्र म्हणतं. संविधानाला पंचाहत्तर वर्षं झाल्याचे सोहळे होऊन तेरा दिवस उलटले होते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं सरपंचाला घटनेत जागा दिली आहे. यावर मला विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी लिहिणार नाही.

त्यानंतर जिल्हा जातीजातींत दुभंगला. पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकली आणि नुसती नावं ठेवली. हेतू चांगला होता, मी मनापासून दाद दिली. ठाण्यात गेलो, समोर पाटीवर फक्त पहिलं नाव. माझ्याआधी आलेल्या तक्रारदारानं पाटी वाचली, क्षणभर थांबला आणि आदबीनं विचारलं, “साहेब, गाव कोणतं आपलं?” गाव कळलं. मग, “कोणत्या गल्लीतले?” बंधुतेला बीडमध्ये एवढाच वेळ लागतो, दोन प्रश्नांचा.

मुलांचं शिक्षण राहिलं. कलम २१-क मुळं सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहंही निघाली. तरी धाकटं सांभाळायला थोरली लागते, म्हणून थोरली फडावर जाते. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, भाकरी थापायला शिकते. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येते, तोवर वर्गानं भागाकार संपवलेला असतो.

संविधान दिन येतो २६ नोव्हेंबरला, प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीला. दोन्ही ऐन हंगामात. घटना समितीत उसाच्या भागातले सभासद होते, कुणी तरी गळिताचं वेळापत्रक दाखवायला पाहिजे होतं.

२०२४ च्या हंगामात सरकारची मोहीम होती, ‘घर घर संविधान’. आमचे एक मित्र डोंगरपट्ट्यातल्या तांड्यावर गुरुजी आहेत. उद्देशिकेच्या छापील प्रती घेऊन ते घरोघरी निघाले. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्याच्या दाराला दोरी बांधलेली आणि दारात म्हातारा कुत्रा. दिवाळी झाली आणि ट्रक गेले होते. सातव्या घरात एक आजी भेटली. गुरुजींनी तिला उद्देशिका वाचून दाखवली. ती मध्येच थांबवून म्हणाली, “गुरुजी, वाचताच हाय तर हे बी वाचा की.” आतून तिनं पोराच्या बॉन्डची झेरॉक्स आणली. गुरुजींनी तीही वाचली. फिटले किती हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आजीनं दोन्ही कागद हातात घेतले. पेटी एकच, आणि घरात उंदीर फार. तिनं विचारलं, “ह्यातला कुंचा हरवला तर परत मिळतो?”

गुरुजी म्हणाले, उद्देशिका कुठंही मिळते. शाळेत आहे, पुस्तकात पहिल्या पानावर आहे, तालुक्याला दहा रुपयांत छापून मिळते.

“मंग ती राहू द्या वर,” आजी म्हणाली, आणि झेरॉक्सची घडी घालून तिनं पेटीत ठेवली.