दोन गाड्यांमधली दिल्ली

महाराष्ट्रातला माणूस दिल्लीला क्वचित जातो. तो दिल्लीवरून जातो. वैष्णोदेवीला जाताना, हरिद्वारला जाताना, मुलीला रुरकीच्या हॉस्टेलवर सोडायला जाताना दिल्ली वाटेत लागते. सकाळची गाडी हजरत निजामुद्दीनला उतरवते, रात्रीची गाडी नवी दिल्लीहून नाहीतर जुन्या दिल्लीहून असते. मधल्या वेळाचं काय करायचं हे तिकिटं काढतानाच ठरलेलं असतं. "आयता दिवस मिळतोय, दिल्ली करून टाकू," असं काका म्हणतात आणि बाकीचे माना डोलावतात, कारण तिकिटांचे पैसे काकांनी भरलेले असतात.

हा आयता दिवस मुळात असतो किती? कागदावर दहा तास. त्यातला पहिला तास गाडी मथुरेच्या पुढे कुठेतरी सिग्नलला उभी राहून खाते. डिसेंबर-जानेवारीत धुकं असलं तर ती किती खाईल याला हिशेब नाही. मग दिल्ली राहते बाजूला, आणि पुढची गाडी मिळते की नाही हीच काळजी. नंतर क्लोकरूम. तिथे कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत. सुटकेसला कुलूप असतं. पण चिवड्याची पिशवी, लोणच्याची बरणी घातलेली कापडी थैली आणि आयत्या वेळी वर टाकलेली ब्लँकेटची गुंडाळी, यांना कुलूप लावायचं कुठे? त्या दिवसभर आपल्याबरोबर दिल्ली पाहतात. मग वेटिंग रूममध्ये एकेकाची आंघोळ, मग चहा, मग "हा काय चहा झाला" म्हणून दुसरीकडे चहा. दिवसाच्या दुसऱ्या टोकाला, रात्रीच्या गाडीसाठी दोन तास आधी पोचायचं असतं. दिल्लीच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही म्हणून त्याआधी एक तास निघायचं. नव्या दिल्लीला सोळा फलाट आहेत, म्हणून आणखी अर्धा तास. सगळं वजा केलं की उरतात जेमतेम चार तास. या चार तासांत लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार, बिर्ला मंदिर, लोटस टेम्पल, अक्षरधाम आणि जमलं तर चांदनी चौकात पराठे.

आणि हे होतं, हे विशेष. टॅक्सी ठरवली की सगळं होतं. ड्रायव्हर गाडी न थांबवता हात दाखवतो, "ये राष्ट्रपती भवन, वो पार्लमेंट." आठ माना एकदम वळतात. डाव्या खिडकीशी बसलेल्यांना उजवीकडची दिल्ली दिसत नाही, पण त्यांना डावीकडची दिसलेली असते आणि रात्री गाडीत बेरीज करता येते. इंडिया गेटसमोर फोटो निघतो. त्यात इंडिया गेट अर्धंच येतं, पण चिवड्याची पिशवी पूर्ण येते.

त्यात तो दिवस हमखास सोमवार असतो. रविवारी पहाटे निघालं की सोमवारी दिल्ली येते, त्याला कोण काय करणार? सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेम्पल बंद. बंद दारांसमोर उभं राहून "बाहेरूनच भव्य आहे हो" असं म्हणण्याची एक खास यात्रेकरू समजूत असते. ती माझ्याकडे नाही. म्हणून मी उलट्या बाजूने विचार करतो. गाडीने आपल्याला जिथे उतरवलंय, तिथून हलावंच का?

ज्यांच्या नावाचं हे स्टेशन आहे ते निजामुद्दीन औलिया जन्माचे बदायूंचे. दिल्लीला आले आणि शहराबाहेरच्या गियासपूर नावाच्या खेड्यात राहिले ते कायमचे. त्यांच्या डोळ्यांदेखत दिल्लीच्या गादीवर कितीतरी सुलतान बसले नि उठले. हे काही कोणाच्या दरबारात गेले नाहीत. अलाउद्दीन खिलजीने भेटीला येतो म्हणून निरोप धाडला, तेव्हा माझ्या घराला दोन दारं आहेत, सुलतान एकाने आत आला तर मी दुसऱ्याने बाहेर पडेन, असं उत्तर त्यांनी पाठवलं, अशी आख्यायिका आहे. गियासुद्दीन तुघलक बंगालच्या मोहिमेवरून परतत होता. आल्यावर तो औलियांना दिल्लीतून घालवून देणार, अशी बोलवा होती. शिष्य घाबरले. औलिया म्हणाले, दिल्ली अजून दूर आहे. आणि खरंच, सुलतानाच्या स्वागतासाठी दिल्लीच्या वेशीजवळ अफगाणपूरला उभारलेला लाकडी मंडप त्याच्याच अंगावर कोसळला. हे १३२५ साल. त्याच वर्षी औलियाही गेले आणि काही महिन्यांनी त्यांचे लाडके शिष्य अमीर खुसरो. दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत. ज्याने आयुष्यात कुठे जायची घाई केली नाही, त्याच्या नावाच्या स्टेशनात आपण ब्लँकेटची गुंडाळी काखेत मारून धावत असतो, याचं मला दरवेळी हसू येतं.

स्टेशनपासून हुमायूनची कबर रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. सगळे दिवस उघडी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. गाइड लोक तिला ताजमहालाची आधीची आवृत्ती म्हणतात. मला ती ताजपेक्षा अधिक आवडते, कारण इथे कोणी तुम्हाला गहिवरायला लावत नाही. लाल दगडाचा प्रशस्त चौथरा, वर पांढऱ्या संगमरवराचा घुमट, भोवती चार भागांत आखलेली बाग आणि तिच्यातून फिरणारे पाण्याचे पाट. ताज नवऱ्याने बायकोसाठी बांधला. ही कबर हुमायूनच्या बेगमेने, हाजी बेगमने, नवऱ्यासाठी बांधवून घेतली, १५७० च्या आसपास. ही माहिती सांगितली की काकू काकांकडे एकदा बघून घेतात. काका घुमटाकडे बघतात.

पण कबरीपेक्षा आत झोपलेला माणूस मला जवळचा वाटतो. दिल्लीवरून जाणाऱ्यांचा खरा बादशहा तोच. १५३० साली गादीवर आला, दहा वर्षांत शेरशहाने पिटाळून लावला. मग सिंध, इराण, काबूल असं पंधरा वर्षं हिंडला. अकबर जन्मला तोही वाटेत, उमरकोटला. १५५५ च्या उन्हाळ्यात दिल्ली परत मिळाली, तेव्हा आता स्थिरस्थावर होऊ असं त्याला वाटलं असेल. सहा-सात महिने झाले असतील, तोच जुन्या किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून उतरताना अजान ऐकू आली. हा नमायला गेला, झग्यात पाय अडकला आणि गडगडत खाली आला. त्यातच गेला. मेल्यावरही एका जागी राहणं नशिबात नव्हतं. आधी जुन्या किल्ल्यात पुरला, मग हेमूच्या स्वारीच्या धास्तीने शव सरहिंदला हलवलं, आणि सरतेशेवटी इथे आणलं. तीन गाड्या बदलून मुक्कामाला पोचलेल्या माणसाबद्दल आपल्याला आपुलकी वाटणारच.

थोडका मुक्काम कसा सत्कारणी लावावा हे मात्र हुमायूनपेक्षा त्याच्या भिस्त्याकडून शिकावं. १५३९ साली चौशाच्या लढाईतून पळताना हुमायून गंगेत बुडू लागला. निजाम नावाच्या एका पाणक्याने फुगवलेल्या पखालीवरून त्याला पैलतीराला नेलं. बादशहाने शब्द दिला, तुला गादीवर बसवीन. आणि आग्र्याला पोचल्यावर बसवलाही! कोणी म्हणतं अर्धा दिवस, कोणी म्हणतं दोन दिवस. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने लिहून ठेवलंय की तेवढ्या वेळात त्याने मनाला येईल त्याला मनसबी वाटल्या. पखालीच्या कातड्याची नाणी पाडली असंही सांगतात. चार तासांत आठ ठिकाणं करणाऱ्या आपल्या काकांना हा गृहस्थ पटला असता; पण त्याने सगळं एका जागी बसून केलं, हे लक्षात घ्यायला हवं.

इथे आणखी एका प्रवाशाची आठवण येते आणि तो आपल्या घरचा आहे. १७३७ च्या मार्चमध्ये मोगल सरदार सादतखानाने दिल्लीच्या बादशहाला कळवलं, मराठ्यांना चंबळेपलीकडे हाकलून दिलं. प्रत्यक्षात दोआबात त्याने मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटलं होतं, एवढंच. बाजीरावाने ठरवलं, आपण आहोत हे बादशहाला दाखवून द्यायचं. मोगली फौजांना बगल देऊन तो थेट दिल्लीच्या वेशीवर प्रकटला. पुढे चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात त्याने ही सगळी हकिकत कळवली आहे आणि त्यात वाटेतल्या बारापुल्याचा आणि कालकादेवीच्या देवळाचा उल्लेख आहे. हा बारापुला निजामुद्दीन स्टेशनच्या अगदी जवळ आहे, जहांगीरच्या काळातला दगडी पूल, बारा खांब आणि अकरा कमानी. त्याच्याच नावाचा उड्डाणपूल आता शेजारून जातो. बाजीरावाने तालकटोऱ्याकडे चालून आलेल्या मोगली फौजेला झोडपलं, शहर जाळण्यात राजकारणाचा फायदा नाही असा विचार करून ते तसंच सोडलं, आणि चारी बाजूंनी फौजा गोळा होण्याच्या आत माघारी वळला. सगळा मिळून तीनेक दिवसांचा कारभार. एवढ्यात त्याने जे साधलं ते वर्षभर मुक्काम करून साधलं नसतं. त्याच तालकटोऱ्यात २०२५ साली आपलं मराठी साहित्य संमेलन भरलं. तेही तीनच दिवस. दिल्लीत त्याहून जास्त राहणं आपल्याला झेपत नसावं.

जवळच मथुरा रोडवर अब्दुर रहीम खानखानान याची कबर आहे. शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले तोच हा रहीम. चांदबिबी लढवत असलेल्या अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्या मोगली सरदारांतही तोच होता, हे मात्र गुरुजींनी सांगितलं नव्हतं. १५९८ साली त्याने ही इमारत बायकोसाठी बांधली, १६२७ साली स्वतःही तिथेच आला. तिचा संगमरवर पुढे सफदरजंगच्या कबरीसाठी उचकटून नेला. एकाने दुसऱ्याचं सामान नेणं ही दिल्लीची जुनी रीत आहे. आपल्या क्लोकरूमवाल्यांची कुलपाबद्दलची काटेकोर भूमिका बहुधा त्यातूनच आली असावी.

पोटाचं काय, हा प्रश्न काकू बाराच्या ठोक्याला काढतात. कबरीच्या आवारात डबे उघडू देत नाहीत. निजामुद्दीन वस्तीतल्या गल्ल्यांत कबाबचा आणि निहारीचा वास असा दरवळतो की शाकाहारी माणूस पावलं उचलतो आणि मांसाहारी माणूस पावलं लांबवतो. याच गल्ल्यांत मिर्झा गालिब आहे, १८६९ पासून. त्याला यातला कुठलाच वास वर्ज्य नव्हता. ज्यांना आहे त्यांनी हुमायूनच्या मागच्या अंगाला गुरुद्वारा दमदमा साहिबला जावं. गुरू गोविंदसिंगांची आणि पुढे बहादूरशहा झालेल्या शहजाद्याची १७०७ साली इथे भेट झाली. त्यानंतर गुरुजी दक्षिणेकडे निघाले आणि १७०८ मध्ये आपल्या नांदेडला त्यांची अखेर झाली. "आम्ही महाराष्ट्रातून आलोय" म्हटलं की इथली मंडळी "हजूर साहिब?" असं हटकून विचारतात. नांदेडला कधी गेला नसाल तर तेवढ्यापुरतं मान हलवायला हरकत नाही.

एवढं पाहून झालं तरी घड्याळात वेळ शिल्लक असते. तिचा उपयोग करायचा म्हणजे कबरीच्या बागेत झाडाखाली पाय लांब करायचे. शेजारी सुंदर नर्सरी आहे, २०१८ पासून लोकांसाठी खुली झालेली मोठी बाग. तिथे ऐसपैस जागा मिळते. काका सुरुवातीला अस्वस्थ असतात. "लाल किल्ला राहिला," असं दर दहा मिनिटांनी म्हणतात. मग त्यांचं म्हणणं विरळ होत जातं आणि काही वेळाने घोरणं ऐकू येतं. हे पाहून मला वाटतं, लाल किल्ला राहिला तर राहू द्यावा. शहाजहानने तो १६४८ मध्ये पुरा केला, तो काही पुढच्या यात्रेपर्यंत पळून जात नाही. शिवाय दिल्लीत जन्म काढलेली माणसं लाल किल्ल्याला शाळेच्या सहलीत एकदा जातात आणि नंतर पाहुणा आला तरच. आपण बाहेरच्यांनीच त्या जागांचा एवढा धसका का घ्यावा?

तेव्हा पुढच्या वेळी सकाळी निजामुद्दीनला उतरलात आणि रात्रीची गाडी असली, तर रिक्षावाल्याला इंडिया गेट सांगू नका, हुमायूनका मकबरा सांगा. आणि स्टेशनातून बाहेर पडाल ते एक नंबर फलाटाच्या बाजूने पडा. पलीकडे सराय काले खाँ आणि रिंग रोड आहे, तिकडून गेलात तर मोठा वळसा पडतो.