वळते करून घ्या, काका!

गेल्या आठवड्यात शेजारच्या विंगमधल्या एका काकांनी मला जिन्यात गाठलं. "आमच्या भाडेकरूची नोकरी गेलीये. दोन महिने भाडं नाही. तुम्हाला यातला अनुभव आहे ना?" आहे. २०२० च्या टाळेबंदीत भाडेवसुलीच्या झाडून सगळ्या पद्धती मी वापरल्या आणि त्यांतल्या एकीनंही रुपया वसूल झाला नाही. आपल्याकडे तज्ज्ञ व्हायला एवढं पुरतं.

शिवाय मालकी आमच्या रक्तात आहे. आजोबांचा पुण्यात शनिवार पेठेत वाडा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधून टाकलेली. त्यामुळे आजोबांचं दुःख वेगळंच होतं. त्यांचे भाडेकरू भाडं वेळेवर देत! थकलं तर कोर्टातून जागा सोडवता येईल या आशेवर आजोबा भाडं घ्यायचंच टाळत. भाडेकरू मनिऑर्डर करी, आजोबा ती 'घेत नाही' म्हणून परत पाठवत, आणि पुढच्या महिन्यात पोस्टमन पुन्हा दारात. भाडं थकावं म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. भाडं थकलं नाही, आजोबा थकले. नातवाला मात्र ते भाग्य विनासायास लाभलं.

नातवाचा वाडा म्हणजे कोथरूडमधला वन बीएचके. भाडं १८ हजार, बँकेचा हप्ता २४ हजार. म्हणजे मालक कोण हे सहा हजारांपुरतं तरी वादग्रस्तच. भाडेकरू लग्नाच्या जेवणावळींची कंत्राटं घेणारा. २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया, त्याच्याकडे ऐन मुहूर्ताच्या चार ऑर्डरी. चारही नवरदेव घरात आणि वऱ्हाड पण आपापल्या घरात.

त्या काळात माझ्यावर दोन्हीकडून करुणेचा वर्षाव झाला. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. व्याज तेवढं चालू. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सुचवलं, की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. म्हणजे बँकेनं माझ्यावर दया करायची ती व्याजासकट, आणि मी भाडेकरूवर करायची ती बिनव्याजी. व्याज लावणाऱ्याला संस्था म्हणतात, न लावणाऱ्याला काका.

तरी मी हातपाय हलवले. आधी सौम्य उपाय. एक तारखेला सकाळी सात वाजता गुलाबाच्या फुलासह 'शुभ प्रभात' पाठवलं. उलट गुलाब आला. दोन तारखेला 'सगळं ठीक ना?' विचारलं. 'तुमच्या आशीर्वादानं, काका.' आशीर्वादाचे पैसे मागता येत नाहीत. पाच तारखेला 'वेळेचं महत्त्व' या विषयावरचा सुविचार धाडला. तो त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलला आणि खाली सतरा जणांनी मलाच हात जोडले.

मग कडक उपाय. वीज-पाणी तोडावं, असा सल्ला एका मित्रानं दिला. कायदा त्याला मनाई करतो, आणि त्यात मोटारचा व्हॉल्व्ह नेमका कुठला हे सोसायटीत एकट्या वॉचमनला माहीत. तो गावी गेलेला. वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा. तेव्हा तो भाडेकरू नव्हे आणि ते भाडंही नव्हे, ती लायसन्स फी." म्हणजे जे थकलं ते मुळात नव्हतंच! "पण मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर १९९९ च्या कायद्याचं कलम २४ आहे. दुप्पट फी मागता येते." जो एकपट देत नाही त्याच्याकडून दुप्पट मागायची, ही युक्ती वकिलालाच सुचू शकते. त्यांनी स्वतःची फी मात्र एकपटच आणि तिथल्या तिथे घेतली.

शेवटी मास्क लावून मी जातीनं गेलो. दारात उभा राहून घसा खाकरला. त्या दिवसांत खाकरणाऱ्याला लोक लगेच हवं ते देऊन वाटेला लावत, ही अटकळ होती. तो शांतपणे म्हणाला, "काका, दोन महिन्यांचे ३६ हजार झाले ना? माझं डिपॉझिट ५४ हजार आहे तुमच्याकडे. त्यातून वळते करून घ्या."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. फरशी म्हणायचं कारण, डिपॉझिट आमच्या हॉलच्या फरशीतच गेलं होतं. हिशेब सरळ होता. त्याचं देणं ३६ हजार, माझं ५४. तो उद्या घर सोडतो म्हणाला, तर १८ हजार घेऊन मलाच त्याच्या दारात यावं लागणार. इतके दिवस मी वसुलीला चाललोय असं वाटत होतं. प्रत्यक्षात धनकोच्या दारात ऋणको उभा होता, तोही घसा खाकरत.

त्या क्षणी माझं मन विशाल झालं. "अरे, माणुसकी आहे की नाही? सध्या निम्मं दे, उरलेलं सीझन लागला की. दोन ओळी लिहून ठेवू, दोघं सह्या करू." घर रिकामं पडलं तर दोन महिन्यांचं भाडं, रंग आणि दलाली मिळून काय बसतं, ते मी जिना उतरताना मोजलं होतं, पण माणुसकी म्हटलं की बरं दिसतं. त्यानं मसालेभाताचा डबा हातात दिला आणि पुढे उरलेले पैसे खरंच फेडले. त्या उदारपणाबद्दल सोसायटीच्या सभेत माझा नारळ देऊन सत्कार झाला.

हे सगळं जिन्यातल्या काकांना सांगितलं आणि म्हटलं, "तेव्हा नोटीस-बिटीस राहू द्या. आधी डिपॉझिट जागेवर आहे का, ते बघा."

काका दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"त्याचं आम्ही मॉड्युलर किचन केलं," म्हणाले. "निम्मं घेतो म्हणून सांगू का त्याला?"