देणगी-संशोधकाशी परिचय : पूर्वतयारी, पद्धती आणि पथ्ये

१. विषयप्रवेश

सार्वजनिक कार्यासाठी पैसा मागणारा मनुष्य मराठी समाजाला नवा नाही. पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिलेला कार्यकर्ता आणि 'साहेब बाहेर गेलेत' असा निरोप आतून पाठवणारे खुद्द साहेब, या दोघांशी प्रत्येक पिढीचा परिचय विनासायास होतो. परंतु कोणाकडे मागावे, किती मागावे आणि कोणाच्या दारी यंदा मुळीच जाऊ नये, हे त्या कार्यकर्त्याला आधी सांगून ठेवणारा जो तिसरा मनुष्य संस्थेच्या कार्यालयात प्रिंटरशेजारच्या टेबलावर बसलेला असतो, त्याच्याशी ओळख करून घेण्याची कोणतीही रूढ रीत उपलब्ध नाही. प्रस्तुत मार्गदर्शिका ही उणीव भरून काढू पाहते आणि त्यासाठी मुंबई-पुण्याच्या स्वयंसेवी संस्थांत आढळणारा नमुना आधारभूत मानते.

२. व्याख्या आणि वर्गीकरण

देणगी-संशोधक म्हणजे संभाव्य देणगीदाराविषयी उघडपणे उपलब्ध असलेली माहिती जमवून, पडताळून, तिचे दोन पानी टिपण मागणाऱ्याच्या हाती देणारी व्यक्ती. कार्यालयीन बोलीत अशा संभाव्य देणगीदाराला 'प्रॉस्पेक्ट' आणि त्याच्यावरील टिपणाला 'प्रोफाइल' म्हणतात. घरातील वडीलधारे स्थळाची चौकशी करताना जमीनजुमला, नोकरी, स्वभाव आणि मागच्या पिढीतील भानगडी ज्या क्रमाने काढतात, जवळजवळ त्याच क्रमाने प्रोफाइल आकाराला येते. फरक इतकाच की, येथे आपली चौकशी चालू आहे याची गंधवार्ता स्थळाला नसते.

अमेरिकेत या पेशाची स्वतंत्र संघटना १९८७ साली उभी राहिली. भारतात त्याला बळ आले ते कंपनी कायदा, २०१३ मुळे. या कायद्याच्या कलम १३५ ने, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चावेत, असे ठरवले आणि १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आली. कोणत्या कंपनीच्या वाट्याला किती रक्कम येते, हा तेव्हापासून श्रद्धेचा विषय न राहता भागाकाराचा विषय झाला, आणि भागाकार करणाऱ्यांची आवश्यकता निर्माण झाली.

जिज्ञासूने संशोधक आणि मागणारा यांची गल्लत करू नये. समारंभात जो हसतमुखाने पुढे येऊन हात मिळवतो, तो मागणारा होय. त्याच्या पदनामात बहुधा 'रिलेशनशिप', 'पार्टनरशिप' किंवा 'स्ट्रॅटेजिक' यांपैकी एक शब्द असतो. जो भिंतीजवळ उभा राहून पाहुण्यांची नावे मनातल्या मनात जुळवत असतो, तो संशोधक. देणगी मिळाल्यास ती मागणाऱ्याच्या संबंधांमुळे मिळते आणि न मिळाल्यास प्रोफाइलमधील चुकीमुळे मिळत नाही, या सर्वमान्य सिद्धान्तामुळे संशोधकाच्या चेहऱ्यावर एक कायमची सहनशील छटा आलेली असते. ओळख पटवण्यास तीही उपयोगी पडते.

३. अधिवास आणि लक्षणे

संशोधकाचा मुख्य अधिवास नोंदवह्यांत असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींवरून कोण कोणत्या कंपनीचा संचालक आहे हे त्याला ठाऊक असते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या दर तिमाहीला भागधारणेचा तपशील जाहीर करतात, त्यावरून प्रवर्तकाची कागदोपत्री संपत्ती तो काढतो आणि तारण ठेवलेले शेअर त्यातून न विसरता वजा करतो. सार्वजनिक न्यासांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, जमिनीची सातबाऱ्यावर आणि सदनिकेची दस्तनोंदणीच्या 'इंडेक्स टू'वर मिळते, हे सामान्य माणसाला वाद उद्भवल्यावर कळते. संशोधकाला ते पहिल्या आठवड्यात शिकवले जाते.

या व्यवसायाचे परिणाम कार्यालयाबाहेरही दिसतात. देवळात गेल्यावर संशोधक गाभाऱ्याआधी देणगीदारांच्या संगमरवरी पाटीपुढे थबकतो आणि कोणत्या घराण्याचे नाव कोणत्या सालानंतर दिसेनासे झाले याची मनाशी नोंद करतो. स्मरणिका हाती पडल्यास तो संपादकीय ओलांडून आभारांच्या यादीकडे वळतो. वार्षिक अहवाल तो मागून पुढे वाचतो, कारण अध्यक्षांचे छायाचित्र आणि मनोगत पुढे असते आणि सामाजिक खर्चाचे परिशिष्ट, म्हणजे कोणत्या संस्थेमार्फत किती रक्कम गेली याचा तक्ता, मागे असतो. यांपैकी दोन लक्षणे एकाच व्यक्तीत आढळल्यास निदान निश्चित समजावे.

४. ऋतुमान

परिचयासाठी योग्य काळ निवडणे अत्यावश्यक आहे. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वथा वर्ज्य मानावा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि न खर्चलेली रक्कम विशेष खात्यात किंवा सरकारी निधीत वळवण्याची वेळ येऊ नये, म्हणून अकरा महिने फोन न उचलणाऱ्या कंपन्या अचानक 'प्रपोजल आजच पाठवा' असे कळवू लागतात. एप्रिल-मेही तितकासा निर्धोक नाही, कारण देणगीदारांचे विवरण प्राप्तिकर खात्याला १० बीडी या नमुन्यात ३१ मेपर्यंत द्यावे लागते. ते हिशेब विभागाचे काम असले तरी 'हा देणगीदार नेमका कोण?' हा प्रश्न फिरून संशोधकाच्याच टेबलावर येतो. २ ते ८ ऑक्टोबर या काळात देशभर दानउत्सव साजरा होतो. त्या आठवड्यात इतर लोक दानाविषयी बोलतात आणि संशोधक झोपेविषयी. सबब जून ते ऑगस्ट हा पावसाळा परिचयास प्रशस्त ठरतो. पैसा त्या काळात नसतो, पण वेळ असतो.

५. परिचयाची पद्धत

या क्षेत्रात प्रत्येक संभाव्य देणगीदाराची तीन कसोट्यांवर पारख होते : संबंध, म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचवणारा कोणी मधला माणूस आहे काय, ऐपत, म्हणजे तो किती देऊ शकतो, आणि आस्था, म्हणजे या कार्याविषयी त्याला आतून काही वाटते काय. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले, ही घटना तिन्ही कसोट्या एकत्र आल्याचे उदाहरण म्हणून सांगता येते. याउलट, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने प्रत्येकाकडून एक-एक पैसा मागण्याची कल्पना काढली आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. सर्वांची ऐपत एक पैसा धरल्यावर संशोधनाचे कारणच उरत नाही, म्हणून या दुसऱ्या उदाहरणाची संशोधकांच्या प्रशिक्षणात फारशी चर्चा होत नसावी.

याच तीन कसोट्या जिज्ञासूने संशोधकाला लावाव्यात. संबंधाच्या बाबतीत, मधल्या माणसाकरवी होणारी ओळख, जिला कार्यालयात 'वॉर्म इंट्रो' म्हणतात, ती इष्ट होय. अनोळखी माणसाने थेट फोन केल्यास दहापैकी नऊ वेळा काय होते हे संशोधकाइतके कोणालाच ठाऊक नसते. ऐपतीच्या बाबतीत, संशोधकाकडून चहाखेरीज खर्चाची अपेक्षा ठेवू नये. संस्थांचा प्रशासकीय खर्च सर्वांच्याच डोळ्यांत खुपतो. परदेशी देणग्यांबाबत तर संबंधित कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. संशोधकाचे वेतन बहुधा याच सदरात पडते आणि कोट्यधीशांच्या संपत्तीचे बिनचूक अंदाज बांधून तो सायंकाळी लोकलच्या दुसऱ्या वर्गाने घरी जातो. उरते ती आस्था, आणि तिच्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे.

आस्थेची नोंद कोणत्याही कार्यालयात होत नाही. सातबाऱ्यावर पीक लिहिलेले असते, पण पीक घेणाऱ्याची दानत लिहिलेली नसते. भागधारणेच्या तक्त्यात टक्केवारी असते, पण त्या गृहस्थाची आई कोणत्या रुग्णालयात वारली आणि त्यानंतर त्याने कोणाला न सांगता काय केले, हे त्यात सापडत नाही. संशोधकाचे सारे ज्ञान या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते आणि पुढचे काम भेटणाऱ्यावर सोपवले जाते. त्यामुळे शेकडो माणसांची इत्थंभूत माहिती असूनही त्यांपैकी एकालाही प्रत्यक्ष न भेटलेला असा हा बहुधा एकमेव पेशा असावा. याचा निष्कर्ष उघड आहे : ज्या माणसाकडून काहीही मिळवायचे नाही त्याच्याशी निरर्थक गप्पा मारणे, ही संशोधकाची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी भागलेली गरज होय, आणि ती भागवण्यास जिज्ञासूकडे संपत्ती नसणे ही पहिली पात्रता ठरते.

६. संभाषणातील पथ्ये

पहिले पथ्य असे की, स्वतःविषयी फुशारकी मारू नये. 'आपले कोथरूडला दोन फ्लॅट आहेत' हे वाक्य इतर ठिकाणी कौतुकाने किंवा असूयेने ऐकले जाते. येथे ते पडताळले जाते, आणि त्यांपैकी एक फ्लॅट मेहुण्याच्या नावावर आहे हे रात्री जेवणाआधी उघडकीस येते.

दुसरे, 'म्हणजे तुम्ही लोकांकडे पैसे मागता?' असे विचारू नये. 'नाही, मागणाऱ्याला कोणाकडे मागायचे ते सांगतो' हे उत्तर संशोधकाने प्रत्येक लग्नकार्यात दिलेले असते आणि त्यानंतर 'मग खरे काम काय करता?' हा प्रश्नही ऐकलेला असतो.

तिसरे, परिभाषेचा अचूक वापर करावा. गेल्या वर्षी दिले पण यंदा दिले नाही, अशा देणगीदाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'लायबंट' म्हणतात, आणि पूर्वी केव्हातरी दिले पण यंदा दिले नाही, त्याला 'सायबंट'. गणेशोत्सव मंडळांत हे दोन्ही वर्ग मागच्या वर्षीच्या पावतीपुस्तकावर खूण करून फार पूर्वीपासून वेगळे काढले जातात, मात्र तेथील संज्ञा छापण्याजोग्या नाहीत. यांपैकी एक शब्द योग्य जागी उच्चारल्यास संशोधक खुर्ची पुढे ओढून बसतो.

चौथे आणि कडक पथ्य गोपनीयतेचे. 'अमुक उद्योगपती खरोखर किती देतो हो?' हा प्रश्न कितीही सहज वाटला तरी विचारू नये. ब्रिटनमध्ये देणगीदारांच्या नकळत त्यांच्या संपत्तीची चाळणी केल्याबद्दल तेथील माहिती आयुक्तांनी डिसेंबर २०१६ मध्ये प्राणिदयेच्या क्षेत्रातील आणि हृदयरोगाच्या क्षेत्रातील दोन नामवंत संस्थांना अनुक्रमे २५,००० आणि १८,००० पौंडांचा दंड केला आणि पुढील एप्रिलमध्ये आणखी ११ संस्थांवर तशीच कारवाई झाली. भारतातील २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, व्यक्तीने स्वतः उघड केलेली किंवा कायद्याने उघड करावी लागणारी माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. तरीही जे वाचता येते ते सारे लिहून ठेवावे काय आणि जे लिहिले ते सारे सांगावे काय, हे प्रश्न कायद्याने सुटत नाहीत. चांगला संशोधक घटस्फोट, आजारपण आणि भाऊबंदकी वाचतो, पण टिपणात उतरवत नाही. परिचयाच्या गप्पांत तो जे सांगत नाही, त्यावरून त्याची पारख करावी.

७. परिचय दृढ झाल्याची लक्षणे

प्राथमिक लक्षण असे की, संशोधक समोरच्याला नोकरी, गाव आणि आडनावाची शाखा विचारणे सोडून देतो. अर्थात, यामागे दोन कारणे संभवतात : एक तर त्याला त्या माहितीची गरज उरलेली नसते, किंवा ती त्याला आधीच मिळालेली असते. दोन्हींत फरक करण्याचे साधन जिज्ञासूला उपलब्ध नाही आणि त्याने ते शोधूही नये.

निर्णायक लक्षण मात्र जानेवारीत दिसते. मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थेसाठी धावणाऱ्यांना ओळखीपाळखीच्या लोकांकडून निधी जमवावा लागतो आणि मनुष्यबळ अपुरे पडल्याने कधीकधी संशोधकालाही बूट घालून उभे केले जाते. आयुष्यात प्रथमच त्याला स्वतः मागावे लागते. इतरांना मागण्याची वेळ, रक्कम आणि पहिले वाक्य आखून देणारा हा मनुष्य तेव्हा चुकीच्या वेळी, रक्कम न सांगता आणि 'तसा काही आग्रह नाही' अशा वाक्याने सुरुवात करून मागतो. हे अडखळणे हाच परिचयाचा परमोच्च बिंदू होय, कारण ज्याची प्रोफाइल तयार असते त्याच्यापुढे कोणी अडखळत नाही.

अशा वेळी जिज्ञासूने ताबडतोब आणि ऑनलाइन द्यावे. २,००० रुपयांपुढील रोख देणगीला करवजावट मिळत नाही, हे ऐकवण्याची संधी संशोधकाला देऊ नये. दिलेली रक्कम ऐपतीच्या मानाने कमी आहे हे त्याला क्षणात कळेल, आणि तो काही बोलणार नाही. या न बोलण्याला मैत्री समजावे. पावती मात्र आठवणीने मागून घ्यावी, मग नव्या करप्रणालीत तिचा उपयोग नसला तरी हरकत नाही. मैत्रीत कागदपत्रांची गरज नसते असे म्हणतात, परंतु ते मत या वर्गाला अद्याप पडताळता आलेले नाही.